तीन भिंतींची खोली

'गाडी गॅरेजला टाकलीय' असं मराठी माणूस म्हणतो तेव्हा गाडी आजारी असते. गॅरेज म्हणजे आपल्याकडे आधी मेस्त्री, काळं ऑइल आणि 'उद्या संध्याकाळी घेऊन जा, साहेब'. घराच्या पोटातलं गॅरेज हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आणि तिथे मात्र गाडी सहसा नसते. आम्ही निगडी प्राधिकरणात राहतो. आमच्या गल्लीत अकरा बंगले आहेत, त्यांतल्या आठांना गॅरेज आहे आणि झाडून सगळ्या गाड्या रस्त्यावर, अंगावर कव्हर घेऊन उभ्या आहेत. आत काय आहे म्हणाल तर मोडका कूलर, सायकली, गणपतीचं मखर, टाइल्स उरल्या होत्या त्या आणि 'लागेल कधीतरी' या सदरातलं बाकी सगळं.

यात लाजण्यासारखं काही नाही. लॉस एंजेलिसमधल्या बत्तीस मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा अभ्यास तिथल्या विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञांनी केला, तो २०१२ साली पुस्तकरूपाने आला. त्यांना असं दिसलं, की चारांतल्या तीन गॅरेजांमध्ये गाडीला जागाच उरलेली नाही, ती सामानाने भरली आहेत. ज्या देशाने गॅरेज ही वस्तू जगाला शिकवली तिथली ही अवस्था.

आमच्या बाबतीत सामानाच्या आधीचं एक कारण आहे. वडिलांनी १९८६ साली हे गॅरेज बांधलं ते प्रीमिअर पद्मिनी डोळ्यांपुढे ठेवून. आतली रुंदी आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. पद्मिनीची रुंदी दीड मीटरच्या आत होती. एका भिंतीला चिकटवून लावली की दुसऱ्या बाजूने दार उघडून आरामात उतरता यायचं. आजच्या मध्यम एसयूव्हीची रुंदी १.८ मीटरच्या आसपास, आरसे सोडून. उरतात दोन्ही बाजूंना मिळून चौसष्ट सेंटिमीटर. गाडी आत जाते, पण चालवणारा आतच राहतो. तेव्हा गॅरेजचं कोठार झालं ते आळसापायी कमी आणि मापापायी जास्त.

कायद्यालाही हा शब्द सोपा गेलेला नाही. इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग म्हणजे गॅरेज का, आणि बिल्डरला ते वेगळं विकता येईल का, हा वाद महाराष्ट्रातल्या १९६३ च्या कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि ती अशी वेगळी विकता येणार नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने व्याख्याच करून टाकली: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची जागा.

तीन बाजूंना भिंती. सामान ठेवण्याच्या दृष्टीने गॅरेजबद्दल महत्त्वाचं जे काही आहे ते या व्याख्येत आलं. चौथ्या बाजूला फार तर शटर असतं, आणि शटरखालच्या फटीतून धूळ, पावसाचे शिंतोडे, उंदीर आणि उंदरामागून येणारा साप हे सगळे विनापरवाना ये-जा करतात. म्हणजे गॅरेज ही घरातली खोली नाही, ते छप्पर घातलेलं अंगण आहे. आपण तिथे कपाटासारखं सामान लावतो आणि मग दोन पावसाळ्यांनी कपाळाला हात लावतो.

जुन्या घरांना हे बरोबर कळलं होतं. तिथे एक मोठं कोठार नव्हतं, प्रत्येक वस्तूची जागा तिच्या शत्रूकडे पाहून ठरायची. दूध-लोणी शिंक्यावर, कारण शत्रू मांजर आणि मुंग्या. धान्य कणगीत आणि बळदात. बियाण्याची कणसं चुलीच्या वर टांगलेली, कारण धूर लागत राहिला की कीड फिरकत नाही आणि ऊब असली की दमट हवा लागत नाही. फडताळ, कोनाडा, खुंटी, माळा, पोटमाळा अशी सगळी वाटणी. नंतर फ्लॅट आले तेव्हा हे सगळं बाथरूमच्या वरच्या लॉफ्टवर चढलं आणि ज्यांना बंगला जमला त्यांच्या गॅरेजात उतरलं. वस्तू त्याच राहिल्या, शत्रूंचा हिशेब तेवढा विसरला.

मी भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच डिसेंबरात गॅरेज उपसायला घेतलं, तेव्हा वाटलं होतं, दोन दिवसांचं काम. अकरा दिवस लागले. पण त्या अकरा दिवसांत स्टोअर्समधली एक गोष्ट घरात जशीच्या तशी लागू पडते हे लक्षात आलं, आणि बाकीच्या बऱ्याच पडत नाहीत हेही.

लागू पडते ती गोष्ट म्हणजे एफएसएन. फास्ट, स्लो, नॉन-मूव्हिंग. स्टोअर्समध्ये माल तीन तऱ्हांनी बघतात. वर्षभरात खपणाऱ्या मालाच्या किमतीप्रमाणे ए-बी-सी. नसला तर काम अडेल का, त्याप्रमाणे. आणि किती वेळा हलतो त्याप्रमाणे एफएसएन. घरी माणूस जातवार मांडणी करायला जातो: हत्यारं इकडे, सणाचं तिकडे, खेळाचं पलीकडे. दिसायला ती छान दिसते आणि दिवाळीपर्यंत मोडते. कारण जातवार लावलं की रोजची पक्कड आणि पाच वर्षांतून एकदा लागणारा पाइप-पाना शेजारी येतात, आणि पानाच नेमका पुढे येऊन बसतो. म्हणून आधी गती बघायची, जात नंतर.

फास्ट म्हणजे आठवड्या-पंधरवड्याला हात लागतो ते: हवेचा पंप, बागेचा पाइप, पेचकस-पक्कड, बल्ब, शिडी. हे दारापाशी, कंबर ते डोळे या उंचीत. स्लो म्हणजे वर्षातून एक-दोनदा: मखर, आकाशकंदील, दिव्यांच्या माळा, कूलर, प्रवासाच्या बॅगा. हे वर किंवा मागे चालतं, पण यात एक गंमत आहे. आपल्याकडच्या स्लो वस्तू पंचांगाप्रमाणे हलतात. श्रावणात मखर पुढे येतं, अनंत चतुर्दशी झाली की मागे जातं आणि कंदिलाचं खोकं त्याच्या जागी येतं. एकच फळी वर्षभर पाळीपाळीने वापरता येते. कारखान्यात इतका बेत कधी जमला नाही, पंचांगामुळे घरी जमतो.

नॉन-मूव्हिंग म्हणजे काय, हे ठरवताना घरोघरी भांडणं होतात. मी एक युक्ती केली. स्टोअर्समध्ये प्रत्येक खणाला बिन कार्ड असतं. माल कधी आला, कधी गेला, शिल्लक किती. तसा एक कागद प्रत्येक खोक्यावर चिकटवला आणि घरात फर्मान काढलं, की खोकं उघडलं की फक्त तारीख टाकायची, दुसरं काही लिहायचं नाही. एकूण चौतीस खोकी. दोन वर्षांनी बघितलं तर तेरांवर एकही नवी तारीख नव्हती. मग वाद घालावाच लागला नाही, कागदच बोलला. कागद खोक्याच्या समोरच्या बाजूला लावायचा, झाकणावर नव्हे, कारण झाकणावर दुसरं खोकं बसतं. आणि 'इतर', 'किरकोळ' हे दोन शब्द लिहायला घरात कायमची बंदी. 'किरकोळ' लिहिलेल्या खोक्यात काय आहे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता शत्रूंकडे वळतो. पहिला आणि सगळ्यांत मोठा म्हणजे ओल, आणि तिच्या आधाराने येणारी वाळवी.

२०१९ च्या सप्टेंबरात मागच्या भिंतीजवळची पुठ्ठ्याची खोकी काढली. त्यात वीसेक वर्षांचे दिवाळी अंक होते, सालवार लावलेले. वरून सगळं ठीक. एक अंक उचलला तर हाताला हलका लागला, एखाद्या रिकाम्या पाकिटासारखा. मुखपृष्ठ शाबूत, त्यावरची बाई हसत होती आणि उघडलं तर आत पानं नव्हती, माती होती. वाळवी अशीच काम करते. तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती वरचा पापुद्रा राखून आतलं खात जाते. जमिनीतून येते, भिंतीवरून मातीची नळी बांधत चढते. कागद, पुठ्ठा आणि लाकूड यांतलं सेल्युलोज तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने पचतं. जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे तिला वाढलेलं ताटच.

म्हणून सामान जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून चार बोटं दूर. दूर ठेवल्याने वाळवी थांबते असं नाही. पण तिची नळी त्या चार बोटांच्या फटीत दिसते. टेकवलेल्या खोक्यामागची नळी आपल्याला सप्टेंबरातच कळते, तीही अंक उचलल्यावर.

मग लोक प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे आणतात, त्यात सिलिका जेलची एक पुडी टाकतात आणि निर्धास्त होतात. इथे थोडा हिशेब मांडतो, कारण मीही फसलो होतो. शंभर लिटरच्या डब्यातली हवा भर पावसाळ्यात बंद केली तरी तिच्यात वाफेच्या रूपात पाणी असतं ते अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धा चमचा. पण सुती कापड हवेतली ओल धरून ठेवतं. पासष्ट टक्के आर्द्रतेत कोरड्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के. म्हणजे दहा किलो चादरी-गोधड्या त्या डब्यात भरल्या तर त्यांच्या धाग्यांमध्येच आठशे ग्रॅम पाणी आहे, आणि जुलैमध्ये त्याहून बरंच जास्त. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओल पिते. पन्नास ग्रॅमची पुडी पंधरा-सोळा ग्रॅमवर संपली. ओल हवेत नसते, वस्तूतच असते. आपण तिला डब्यात कोंडतो आणि वर झाकण लावतो.

यावरचा उपाय कुठल्याही दुकानात मिळत नाही. वाळवणाच्या दिवसांत, पापड-कुरडया गच्चीवर पडतात त्याच मे महिन्यात, कपडे आणि अंथरुणं दोन उन्हं खाऊ द्यायची, सावलीत गार होऊ द्यायची आणि त्याच संध्याकाळी डबा बंद करायचा. आमची आजी हेच करायची, तिला आर्द्रतेचे टक्के माहीत नव्हते. सिलिका जेल मग टाकावं. तेव्हा त्याला झेपेल एवढंच काम उरलेलं असतं. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी दाणे हिरवट झाले की त्यांचं पोट भरलं. सव्वाशे अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा कामाला येतात.

लोखंडाचंही तेच. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग घेतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. हत्यारांवर मशीन ऑइलचा हात फिरवायचा, बस. कुणी खोबरेल लावतात, ते पुढे चिकट होतं आणि धूळ धरतं.

डांबर गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. नॅप्थलीनची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर ठेवायच्या, तळाशी नव्हे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जपून ठेवलेली दुपटी-टोपडी ट्रंकेतून काढून तशीच नव्या बाळाला घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. धुऊन, कडक उन्हात टाकून मगच घालावीत. आणि बाळाचे कपडे ठेवायचेच असतील तर मुळात गोळ्यांशिवाय ठेवावेत.

दुसरा शत्रू आग. तो गॅरेजात आपणच आणून ठेवतो. थिनर, टर्पेंटाइन, स्कूटरसाठी बाटलीत काढलेलं पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि ठिणगी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असली तरी तिथवर पोचते. गॅसचा जादा सिलिंडरही याच कारणाने इथे नको. गळती झाली तर शटर बंद असलेल्या खोलीत गॅस तळाशी साचतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं उलट आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो सगळ्यांत हलका, छताकडे जातो, आणि हवेत चार टक्के झाला की पेटू शकतो. म्हणून बॅटरीच्या खोलीत वरच्या बाजूला झरोका हवा.

बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, हे मात्र आता खरं नाही. लाकडी पेटीतल्या आणि जुन्या कडक रबराच्या बॅटऱ्यांच्या काळात ओल्या जमिनीतून करंट झिरपायचा. आजच्या प्लास्टिकच्या बॅटरीला तो धोका नाही. ती न वापरता ठेवली की कुठेही ठेवली तरी हळूहळू उतरतेच.

आणि एक गोष्ट जी आमच्या कारखान्यातले जुने सुतारही हसण्यावारी न्यायचे: अळशीच्या तेलाचे बोळे. लाकडाला अळशीचं तेल पुसून झालं की चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात फेकायचा ही सवय. हे तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं, आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, गोळ्यात साठत जाते, आणि काही तासांत गोळा काडी न लावता पेटतो. फिलाडेल्फियात १९९१ च्या फेब्रुवारीत वन मेरिडियन प्लाझा नावाच्या अडतीस मजली इमारतीला आग लागली ती बाविसाव्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच चिंध्यांमुळे. तीन अग्निशामक जवान गेले. फडकी दोरीवर पसरून कडक वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

उंदरांचं थोडक्यात सांगतो. पेन्सिलीएवढी फट, म्हणजे सहा-सात मिलिमीटर, घरातल्या छोट्या उंदराला पुरते. शटरखाली रबराची पट्टी बसवून घ्यावी, आणि कुत्र्याचं खाणं किंवा पक्ष्यांचे दाणे गॅरेजात ठेवू नयेत. उंदीर नसले की साप यायचं कारण उरत नाही.

आता रॅक. बाजारात सगळीकडे मिळतो तो भोकांच्या अँगलचा लोखंडी रॅक. पाना आणि नट-बोल्ट घेतले की कुठल्याही मापात उभा राहतो. त्याचं श्रेय डेमेट्रियस कोमिनो या माणसाला. लंडनमध्ये त्याचा छापखाना होता, सारख्या बदलणाऱ्या मांडणीसाठी लाकडी फळ्या कापून-ठोकून तो वैतागला होता, आणि १९४७ मध्ये त्याने हे अँगल विकणारी कंपनी काढली. लहानपणी आपण मेकॅनो खेळतो तेच, पण माणसाच्या मापाचं. आमच्या स्टोअर्समध्ये असे शेकडो रॅक होते, आणि एकतीस वर्षांत कोसळला तो एकच. माझ्या डोळ्यांसमोर. वरच्या फळीवर बेअरिंगची खोकी होती आणि खालच्या दोन रिकाम्या. जड खाली हे सगळ्यांना माहीत असतं, पण जड किती याचा अंदाज चुकतो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच असं पुस्तकांनी गच्च भरलेलं खोकं पन्नास किलोच्या वर जातं, सिमेंटच्या गोणीपेक्षा जास्त. ते डोक्याच्या वर ठेवणाऱ्याने एकदा स्वतः खाली काढून बघावं. रॅकला वरच्या टोकाशी भिंतीत दोन बोल्ट मारून घ्यावेत, नातवंडं रॅकवर चढतात.

हत्यारांसाठी मात्र रॅक नको, भिंत हवी. कामाची जागा नीट लावण्याची जपानी 'फाइव्ह-एस' पद्धत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत शिरली तेव्हा आम्हाला शॅडो बोर्ड माहीत झाला. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढायची, हत्यार उचललं की त्याची सावली मागे राहते. पुढे कळलं की हे आमच्या कितीतरी आधी एका स्वयंपाकघरात झालं होतं. फ्रेंच पाककृती अमेरिकेला शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांच्या केंब्रिजमधल्या घरात त्यांचे यजमान पॉल यांनी १९६१ मध्ये भोकांच्या फळीवर प्रत्येक पातेल्याची बाह्यरेषा आखून ठेवली होती. ते अख्खं स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. शॅडो बोर्डचं मर्म असं, की तो तुम्हाला काय आहे ते दाखवत नाही, काय नाही ते दाखवतो. आमच्या फळीवर गुण्याची जागा तीन महिने रिकामी दिसत होती. शेवटी समोरच्या बंगल्यातून तो परत आला, एक शब्द न बोलता. शेजारी संध्याकाळी चहाला यायचे आणि त्यांना रोज ती मोकळी सावली दिसायची.

स्टोअर्समधलं घरी लागू पडत नाही ते काय, तेही सांगायला हवं. कारखान्यात दोन वर्षं न हललेला माल म्हणजे अडकलेला पैसा. लाल टॅग लावायचा, महिनाभर एका कोपऱ्यात ठेवायचा, कुणी दावा केला नाही की भंगारात. घरी मी तेरा खोक्यांना लाल टॅग लावले. नऊ गेली, काही रद्दीवाल्याकडे, काही भंगारवाल्याकडे, साड्या आणि पँटी बोहारणीकडे, त्या बदल्यात एक स्टीलची परात आली, जी आता पुन्हा रॅकवरच आहे. जुने मोबाइल आणि इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी भंगारात देऊ नये. त्यातलं शिसं आणि इतर विषं मातीत जातात. बॅटरी विकणाऱ्या दुकानदारालाच परत द्यावी.

उरलेल्या चारांपैकी तीन माझी होती, त्यांच्याविषयी बोलत नाही. चौथ्यात होता पाळणा. शिसवी, वडिलांनी कोल्हापूरहून आणलेला. त्यालाही मी नियमाप्रमाणे कार्ड लावलं होतं, आणि जुन्या तारखाही आठवून टाकल्या होत्या: १९९१ थोरली, १९९५ धाकटा, २००४ भाचीचा मुलगा. त्यानंतर सगळे रकाने कोरे. मी लाल टॅग बांधायला घेतला, तेव्हा ही मागून येऊन उभी राहिली. कार्ड वाचलं.

"अहो," म्हणाली, "हा नॉन-मूव्हिंग कुठे आहे? स्लो आहे."

मी टॅग सोडवला आणि कार्डाच्या कोपऱ्यातला एन खोडून एस केला.